बुलिमिया, भूक आणि सव्वीस प्रश्न

'बुलिमिया' हा शब्द ग्रीक भाषेतला. 'बूस' म्हणजे बैल आणि 'लिमोस' म्हणजे भूक. बैलासारखी भूक असा त्याचा शब्दश: अर्थ. हा अर्थ कळला की आपल्याला चटकन आपला 'भस्म्या' आठवतो आणि बुलिमिया म्हणजे भस्म्या रोग असे समीकरण मनात बसते. ते चुकीचे आहे. भस्म्या म्हणजे कितीही खाल्ले तरी न शमणारी भूक. बुलिमियाच्या रुग्णाची तक्रार भुकेची नसते. पोट भरले असूनही हात थांबत नाही, आणि नंतर खाल्लेल्याची एवढी धास्ती वाटते की ते शरीराबाहेर काढल्याशिवाय चैन पडत नाही, असे हे दुखणे आहे. नावाच्या अर्थाने दिशाभूल होते ती अशी. या आजाराच्या मोजमापातही अशीच एक दिशाभूल दडलेली आहे. या लेखात तिची चिकित्सा करायची आहे, आणि त्यासाठी कसोटी म्हणून महाराष्ट्रातला नंदुरबार जिल्हा घेतला आहे. या जिल्ह्यात भूक हा वैद्यकीय पुस्तकातला शब्द नाही, ती रोजची गोष्ट आहे.

आजार म्हणजे नेमके काय?

लंडनचे मनोविकारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये ३० रुग्णांच्या अभ्यासावरून 'बुलिमिया नर्व्होसा' या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. आज निदानासाठी जे निकष वापरले जातात त्यांचा गाभा तोच आहे. पहिला निकष म्हणजे वारंवार येणारे अतिभक्षणाचे आवेग. थोड्या वेळात, त्या परिस्थितीत इतर कोणी खाईल त्यापेक्षा स्पष्टपणे जास्त खाणे, आणि खाताना आपला स्वत:वर ताबा राहिलेला नाही अशी भावना असणे, या दोन्ही गोष्टी एकत्र असल्या पाहिजेत. दुसरा निकष भरपाईच्या कृतींचा. मुद्दाम ओकारी काढणे, जुलाबाची औषधे घेणे, कडकडीत उपास करणे किंवा अतोनात व्यायाम करणे या त्या कृती. तिसरा निकष मनातला आहे. स्वत:ची किंमत प्रामुख्याने वजनावर आणि शरीराच्या आकारावर ठरवली जाणे. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या १९९४ च्या नियमावलीत हे आवेग आणि भरपाई तीन महिने आठवड्यातून किमान दोनदा घडायला हवी होती. २०१३ च्या आवृत्तीत ती अट आठवड्यातून एकदा अशी सैल करण्यात आली.

शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की बुलिमियाच्या रुग्णाचे वजन बहुधा सर्वसाधारण असते. त्यामुळे वर्गात बसलेली अशी मुलगी नजरेत भरत नाही. वारंवार पोटातले आम्ल तोंडात येऊन दातांवरचे कवच झिजते, जबड्याजवळच्या लालाग्रंथी सुजतात, बोटांच्या सांध्यांवर दातांचे व्रण उमटतात, पाळी अनियमित होते. सर्वांत धोक्याची गोष्ट म्हणजे रक्तातले पोटॅशियम उतरते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आजार मनाचा म्हणून शरीराला कमी धोका, असे इथे मुळीच नाही.

मनाचे चक्र

या लक्षणांची साखळी कशी तयार होते, हे ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी १९८० च्या दशकात नीट उलगडून दाखवले. वजनाला अवास्तव महत्त्व दिले की कडक पथ्य सुरू होते. कडक नियम कधी ना कधी मोडतोच. तो मोडला की खा-खा सुटते. मग अपराधीपणा येतो, ओकारी येते, आणि उद्यापासून आणखी कडक पथ्य पाळण्याचा निश्चय होतो. हा निश्चयच पुढच्या आवेगाची तयारी करून ठेवतो. दु:ख, एकटेपणा, अपमान यांसारख्या भावना या चक्राला ढकलत राहतात, कारण खाण्याच्या त्या काही मिनिटांत त्यांचा विसर पडतो.

नियम मोडल्यावर ताबा का सुटतो, याचा एक सुरेख प्रयोग पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थिनींना आइस्क्रीमची चव पारखायला सांगितले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. त्याआधी काहींना मिल्कशेक पाजला, काहींना नाही. एरवी मोकळेपणाने खाणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. पोट भरले असल्याने हे साहजिकच होते. पण एरवी खाण्यावर कडक बंधन घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर उलट जास्तच खाल्ले. 'उपास मोडलाच आहे, तर आता काय!' हे वाक्य आपल्या घरांत थट्टेने बोलले जाते. त्याच्यामागचे मानसशास्त्र हेच आहे.

उपासमारीचा प्रयोग

पण खाण्याचे हे विचित्र वर्तन केवळ मनातल्या वजनाच्या धास्तीतूनच येते का? या प्रश्नाचे उत्तर बुलिमियाला नाव मिळण्याच्याही आधी मिळाले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर त्यांच्या संमतीने एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र उचलण्यास नकार देणारे हे तरुण होते. २४ आठवडे त्यांना गरजेच्या जवळजवळ निम्मा आहार दिला गेला. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले.

शरीर खंगले यात नवल नव्हते. नवल होते ते मनाचे. या तरुणांच्या बोलण्यात, वाचण्यात, स्वप्नांत अन्नाशिवाय दुसरे काही उरले नाही. काही जण पाककृतींची पुस्तके जमवू लागले. जेवण तासन्‌तास पुरवून खाणे, त्याचे बारीक तुकडे करणे, ताट चाटून पुसून घेणे अशा सवयी लागल्या. माणसे चिडखोर आणि एकलकोंडी झाली. आणि भरपूर अन्न मिळू लागल्यावर त्यांच्यातल्या काहींना खाणे थांबवता येईना. पोट तुडुंब भरले तरी भूक आहे असेच वाटत राही. यांच्यापैकी कोणाला बारीक व्हायचे नव्हते. म्हणजे अन्नाचा ध्यास आणि ताबा सुटून खाणे ही लक्षणे केवळ भुकेमुळेही निर्माण होतात. वजनाची धास्ती हे त्यांचे एकमेव कारण नाही. हा निष्कर्ष लक्षात ठेवूनच पुढचा भाग वाचावा.

चाळणीची रचना

खाण्याच्या विकारांची प्राथमिक चाळणी करण्यासाठी जगभर सर्वाधिक वापरली गेलेली प्रश्नावली म्हणजे 'ईटिंग ॲटिट्यूड्स टेस्ट', थोडक्यात ईएटी-२६. कॅनडातील डेव्हिड गार्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूळच्या ४० प्रश्नांवरून १९८२ मध्ये ती २६ प्रश्नांची केली. प्रत्येक विधानापुढे 'नेहमी' ते 'कधीच नाही' असे सहा पर्याय असतात. 'नेहमी'ला ३, 'बहुधा'ला २, 'पुष्कळदा'ला १ आणि उरलेल्या तीन पर्यायांना शून्य गुण. केवळ एका विधानाचे गुण उलट क्रमाने मोजतात. बेरीज २० किंवा त्याहून अधिक झाली की पुढील तपासणीची गरज आहे असे मानायचे. प्रश्नावली सोपी आहे, फुकट उपलब्ध आहे, दहा मिनिटांत भरून होते. त्यामुळे तिचे भाषांतर करून शाळा-महाविद्यालयांत वाटण्याचा मोह प्रकल्प करणाऱ्या कोणालाही होतो.

आता ही चाळणी घेऊन नंदुरबारला जाऊ. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार इथले सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. भिल्ल, पावरा, मावची हे इथले प्रमुख समाज. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात या जिल्ह्यातील पाच वर्षांखालील निम्म्याहून अधिक बालकांचे वजन वयाच्या मानाने कमी आढळले. ही मुले मोठी होऊन अक्कलकुवा, धडगाव, तळोदा भागांतील आश्रमशाळांत येतात.

अशाच एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलीची कल्पना करा. वर्षातले काही महिने घरचे लोक मजुरीसाठी गुजरातेत असतात. ती प्रामाणिकपणे उत्तरे देते. मनात सतत अन्नाचे विचार येतात का? नेहमी, ३. अन्नाचा विचार करण्यात फार वेळ जातो का? नेहमी, ३. आपल्या आयुष्यावर अन्नाचीच सत्ता आहे असे वाटते का? नेहमी, ३. लोकांना तू फार बारीक वाटतेस का? नेहमी, ३. तू आणखी खावेस असे इतरांना वाटते का? नेहमी, ३. खाण्याच्या बाबतीत स्वत:ला आवर घालतेस का? धाकट्या भावंडांना आधी वाढायचे असते, म्हणून नेहमी, ३. जेवायला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो का? भाकरी पुरवून खायची असते, म्हणून बहुधा, २. आता थांबता येणार नाही असे वाटावे इतके कधी खाल्लेस का? होळीला, लग्नात, भोंगऱ्या बाजारच्या दिवशी, म्हणून पुष्कळदा, १. बेरीज २१.

मुलगी चाळणीत अडकली. लठ्ठपणाची भीती, बारीक होण्याची इच्छा, खाल्ल्यावर वाटणारा अपराधीपणा, ओकारी या सर्व विधानांना तिने शून्य गुण मिळवले आहेत आणि तरीही ती 'खाण्याच्या विकाराची संशयित' ठरली. तिची उत्तरे कीज यांच्या ३६ तरुणांच्या उत्तरांसारखी आहेत. तिला उपचार हवा आहे, पण तो ताटात हवा आहे.

याउलट शहादा किंवा नंदुरबार शहरातली एक मुलगी घ्या. हिचे उदाहरणही काल्पनिकच आहे. घरात खाण्यापिण्याची ददात नाही. तिला वजनाची सतत भीती वाटते, ३. बारीक होण्याचा ध्यास आहे, ३. खाल्ल्यावर अपराधी वाटते, ३. अन्नाचे विचार बहुधा मनात असतात, २. आठवड्यातून एकदा ती चोरून भरमसाठ खाते आणि ओकून टाकते. पण आठवड्यातून एकदा म्हणजे तिच्या लेखी 'कधीकधी', आणि 'कधीकधी'ला गुण शून्य. बेरीज ११. आजच्या निकषांनुसार जिला बुलिमिया असू शकतो ती मुलगी चाळणीतून अलगद निसटली. शिवाय या आजारात लपवाछपवी हा लक्षणांचाच भाग असतो. ती प्रामाणिक उत्तरे देईल याची तरी काय खात्री?

दोष कोणाचा?

न्यायाने बोलायचे तर प्रश्नावलीच्या कर्त्यांनी ती निदानाचे साधन आहे असा दावा केलेला नाही. बेरीज जास्त आली तर तज्ज्ञाने प्रत्यक्ष मुलाखत घ्यावी, असेच त्यांचे म्हणणे आहे. ओकारी, अतिभक्षण, जुलाबाची औषधे यांविषयी वेगळे प्रश्न आणि उंची-वजनाची नोंद जोडून वर दाखवलेली दुसरी उणीव भरून काढण्याचाही प्रयत्न झाला आहे. पण भाषांतर करून वाटताना हा भाग गाळला आणि केवळ २६ प्रश्नांची बेरीज केली, तर ती उणीव जशीच्या तशी परत येते.

मुख्य दोष मात्र बेरजेच्या कल्पनेतच आहे. बेरीज करताना आपण असे गृहीत धरतो की प्रत्येक विधानाचा अर्थ सर्वांसाठी एकच आहे. टोरांटोच्या विद्यार्थिनीने 'अन्नाची माझ्यावर सत्ता आहे' असे म्हटले तर ते मनाच्या अवस्थेचे वर्णन असते. धडगावच्या मुलीने तेच म्हटले तर ते घरातल्या धान्याच्या कोठीचे वर्णन असते.

ही केवळ तात्त्विक शंका नाही. मायकेल किंग आणि दिनेश भुग्रा यांनी उत्तर भारतातील एका शहरात ५८० शाळकरी मुलींना ही प्रश्नावली हिंदीतून दिली होती. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात २९ टक्के मुलींची बेरीज मर्यादेपलीकडे गेली. उत्तरे विधानवार तपासल्यावर दिसले की काही विधानांचा अर्थ मुलींनी वेगळाच घेतला होता आणि त्यामागे उपासतापासासारख्या सांस्कृतिक गोष्टी होत्या. संकष्टी, सोमवार, नवरात्र पाळणाऱ्या आपल्याकडच्या मुलीला 'भूक असूनही खाणे टाळतेस का?' असे विचारले, तर ती अभिमानाने 'हो' म्हणणारच. भाषेचा प्रश्न वेगळाच. घरी पावरी, भिली किंवा अहिराणी बोलणारी मुलगी प्रमाण मराठीतल्या 'नियंत्रण' या शब्दाचा काय अर्थ लावील, हे विचारल्यावाचून कळणार नाही.

आणखी एक दोष साध्या गणिताचा आहे. समजा, १००० मुलींपैकी १० जणींना आजार आहे. चाळणी बरीच चांगली आहे असेही धरू. १०० आजारी मुलींपैकी ९० ती ओळखते आणि १०० निरोगी मुलींपैकी ९० जणींना निरोगी म्हणते. मग १० आजारी मुलींपैकी ९ सापडतील. पण ९९० निरोगी मुलींपैकी ९९ जणीही अडकतील. एकूण १०८ संशयितांत खऱ्या रुग्ण ९, म्हणजे बारातली एक. आजार जितका विरळ तितकी चांगली चाळणीही जास्त फसवते. नुसती बेरीज पाहून 'आमच्या तालुक्यात इतके टक्के मुलींना बुलिमिया' असे जाहीर करणे म्हणूनच विज्ञानाला धरून नाही.

दुसऱ्या टोकाची चूक

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की बुलिमिया हे श्रीमंत देशांचे खूळ आहे, आपल्याकडे त्याची चर्चाच नको. हेही तितकेच चुकीचे आहे. पामेला कील आणि केली क्लम्प यांनी २००३ मध्ये जगभरचे पुरावे तपासून असे मत मांडले की बुलिमिया हा संस्कृतीशी बांधलेला आजार आहे. त्यांच्या विवेचनातली एक साधी गोष्ट मोलाची आहे. भरमसाठ खायला भरमसाठ अन्न हाताशी लागते. म्हणजे जिथे अन्नाची मुबलकता आणि सडपातळपणाचा आदर्श दोन्ही पोचतात, तिथे हा आजार पोचू शकतो. तो कोणत्या जिल्ह्याचा, कोणत्या जातीजमातीचा, हा प्रश्न दुय्यम ठरतो.

फिजी बेटांवरच्या नाद्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. ॲन बेकर यांनी त्याच वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये तेथील शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी ओकारी काढणारी पहिल्या पाहणीत एकही मुलगी नव्हती. दुसऱ्या पाहणीत त्यांचे प्रमाण ११.३ टक्के होते. ईएटी-२६ मध्ये मर्यादा ओलांडणाऱ्यांचे प्रमाण १२.७ वरून २९.२ टक्क्यांवर गेले. या अभ्यासालाही मर्यादा आहेत. दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या, संख्या प्रत्येक वेळी पासष्टच्या आसपास होती, आणि तीन वर्षांत दूरचित्रवाणीखेरीज दुसरे काहीच बदलले नाही असे म्हणता येत नाही. पण बेकर केवळ बेरजेवर थांबल्या नाहीत. त्यांनी मुलींशी बोलून त्यांच्या शब्दांत कारणे नोंदवली. म्हणून त्यांच्या आकड्यांना अर्थ आला.

आपल्या देशातही १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मद्रासच्या २१० वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे १५ टक्के जणांत खाण्याविषयीच्या मानसिक त्रासाची सौम्य लक्षणे आढळली होती. नंदुरबार जिल्ह्यात आज सातपुड्यातले पाडेही आहेत आणि मोबाइलच्या पडद्यावर रोज घडीव शरीरे पाहणारी शहरेही आहेत. एकाच वर्गात दोन्हीकडच्या मुली शेजारी शेजारी बसलेल्या असू शकतात. एकीची भूक आजार ठरवणे आणि दुसरीच्या आजाराला 'पित्त झाले असेल' म्हणून सोडून देणे, या दोन्ही चुका एकाच शाळेत, एकाच दिवशी घडू शकतात.

शिक्षकांनी काय करावे?

पहिली गोष्ट, अशा प्रश्नावल्या वर्गात वाटू नयेत. ते प्रशिक्षित माणसाचे काम आहे, आणि त्याच्या मागे मुलाखतीची सोय हवी. दुसरी, मुलांचे वजन सर्वांसमोर घेऊन मोठ्याने सांगू नये. 'जाडी', 'सुकडी' ही विशेषणे शाळेतून हद्दपार करावीत. तिसरी, जी मुलगी अन्नावर तुटून पडते तिला हावरट म्हणण्याआधी ती शेवटचे पोटभर कधी जेवली होती हे विचारावे. सुट्टीनंतर आश्रमशाळेत परतलेल्या मुलांच्या बाबतीत अधीक्षकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. चौथी, जेवणानंतर लगेच आणि वारंवार एकटीच निघून जाणे, दात झिजणे, गाल सुजणे, चक्कर येणे, सतत वजनाविषयी बोलणे अशी लक्षणे एकत्र दिसली तर मुलीशी एकांतात, न रागावता बोलावे. पालकांना विश्वासात घेऊन डॉक्टरांकडे पाठवावे. चक्कर किंवा छातीत धडधड असेल तर विलंब करू नये. शाळांत तपासणीसाठी येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाशीही बोलता येईल. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी सल्ला देते. बुलिमियावर वर्तन आणि विचार यांवर काम करणारी मानसोपचार पद्धती परिणामकारक ठरली आहे, आणि तिची पहिली पायरी कोणती, तर दिवसातून ठरलेल्या वेळी नियमित जेवणे. भुकेल्या मुलीसाठीही पहिली पायरी तीच आहे. फरक इतकाच की एकीला त्यासाठी मनाची मदत लागते आणि दुसरीला धान्याची.

वरिष्ठ विद्यार्थ्यांसाठी शेवटी एक उपक्रम सुचवतो. कोणत्याही प्रश्नावलीतली पाच विधाने घ्या. प्रत्येकाचे उत्तर 'हो' असण्याची किमान तीन वेगवेगळी कारणे लिहा. मग वर दिलेले चाळणीचे गणित आजाराचे प्रमाण दर हजारी १०, ५० आणि २०० धरून पुन्हा करा आणि संशयितांत खरे रुग्ण किती ते पाहा. मोजमाप करण्याआधी काय मोजतो आहोत हे विचारण्याची सवय प्रयोगशाळेत जितकी लागते तितकीच वर्गातही लागते.